चंद्रभागाबाईंचं देठ परीक्षण

चंद्रभागाबाईंचा उजवा खांदा नऊ वर्षं दुखत होता, आणि त्या नऊ वर्षांत खांद्याबद्दल मत दिलं नाही असा माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता.

दुखणं मानेच्या मुळाशी सुरू व्हायचं, खांद्यावरून कोपरापर्यंत उतरायचं आणि थंडीच्या दिवसांत बोटांत मुंग्या सोडून जायचं. सासूबाई म्हणाल्या, वात आहे. पुढे सासूबाई गेल्या, वात राहिला. एका डॉक्टरनं तपासायच्या आधीच सांगितलं, "वय झालं आता." तेव्हा चंद्रभागाबाई सत्तेचाळीसच्या होत्या आणि डॉक्टर साठीचा. हाडं बसवणाऱ्या एका बुवानं हात असा काही फिरवला, की पुढचे पंधरा दिवस त्या डाव्या हातानं भाकरी थापत होत्या. नाशिकला कुणी फुकट शेकाच्या गाद्यांचं दुकान काढलं होतं, तिथं एकवीस दिवस जाऊन झोपल्या. झोप झकास लागली. खांद्याला कुणी काही कळवलं नाही.

वणीच्या गडावरही जाऊन आल्या. जावेनं नवस बोलायला सांगितलं होतं. गाभाऱ्यापुढं उभं राहून त्यांनी देवीकडं बघितलं आणि जावेला म्हणाल्या, "अठरा हात वर धरून उभी हे बिचारी. हिचे खांदे कोण चोळत असंल?" जावेनं त्यांना कोपरानं ढोसलं. नवस बोलायचा राहूनच गेला.

सायखेड्याच्या अलीकडं त्यांची चार एकर द्राक्षबाग होती. त्यांचे यजमान देवराम, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणायचं, हे बागेतलं मोठं नाव. पान बघून रोग सांगायचे. घड हातात घेऊन त्यात साखर किती उतरली याचा अंदाज करायचे, आणि तो यंत्राच्या आकड्याशी जुळायचा. माणसाच्या बाबतीत मात्र त्यांची एवढी नजर चालत नव्हती. बायको कण्हली की ते म्हणायचे, "जरा पडून राह्य." आणि ती पडली की तासाभरानं म्हणायचे, "चहा नाय का आज?"

तसा माणूस वाईट नव्हता. दुखणं पानावर आलं असतं तर त्यांना दिसलं असतं, एवढंच.

नोव्हेंबरच्या मध्यावर पिंपळगावच्या प्रयोगशाळेतून बागेचा रिपोर्ट मोबाईलवर आला. दरवर्षी फुलोऱ्याच्या सुमाराला नाना पानांचे देठ तोडून तपासायला पाठवायचे. देठात काय कमी, काय जास्त, ते बघून खतं द्यायची. ओसरीत चष्मा लावून ते रिपोर्ट मोठ्यानं वाचत होते. चंद्रभागाबाई समोर मेथी निवडत होत्या, कोपर मांडीवर टेकवून, कारण अधांतरी हात धरवत नव्हता.

"पोटॅश बरोबर. मॅग्नेशियम कमी," नाना म्हणाले. "मी म्हणलोच होतो. शिरा हिरव्या आन मधली जागा पिवळी. जुन्या पानापासून सुरुवात. लगेच गोण्या टाकायला पाह्यजे."

"किती वर्षं करू राहिले तुम्ही हे देठ परीक्षण?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"झाले की पंधरा-सोळा. का?"

"एकदा माझं करा ना. माझाबी देठच दुखू राहिला."

त्यांची सून निकिता आतून हसली. निकिता नाशिकच्या सिडकोत वाढलेली. फार्मसी शिकून सायखेड्यातच एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहायची. नवरा राजू अंबडला कारखान्यात, त्यामुळं घरात दोन्ही बाजूंनी बोलायला तीच.

"आई बरोबर बोलतायत, नाना," ती बाहेर येत म्हणाली. "नऊ वर्षांत त्यांचं एकदा तरी रक्त तपासलंय का? नाशिकला फक्त जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर आहेत. आमच्याकडं त्यांच्या चिठ्ठ्या येतात. तपासून मग कुणाला व्यायाम, कुणाला झोपेची गोळी, कुणाला मॅग्नेशियम..."

"काय म्हणली?" नाना ताठ बसले.

"व्यायाम."

"शेवटचं."

"मॅग्नेशियम. पण ते तपासून..."

नानांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. नऊ वर्षं बायकोचं दुखणं त्यांना परक्या भाषेतलं वाटत होतं, आणि आज त्यात पहिल्यांदा एक ओळखीचा शब्द आला होता. ते चप्पल घालून तडक खताच्या खोलीकडं गेले आणि खोलीच्या दारातूनच ओरडले, "अगं, पंचवीस-पंचवीस किलोच्या सहा गोण्या पडल्यात घरात!"

"नाना, ते खत आहे!" निकिता ओरडली.

"मॅग्नेशियम सल्फेट लिहिलंय गोणीवर. माणसाचं मॅग्नेशियम काय वेगळ्या झाडाला लागतं?"

पुढचे दोन दिवस घरात याच विषयावर चर्चा. निकितानं समजावलं, की औषध वेगळं, खत वेगळं. खतात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. आणि मॅग्नेशियम सल्फेट माणसाला दिलं तर ते खांद्याकडं जायच्या आधी दुसरीकडंच जातं. "जुलाबावर देतात?" नानांनी विचारलं. "जुलाबावर नाही, जुलाब होण्यासाठी," ती म्हणाली. नानांच्या मते हे मेडिकलवाल्यांनी गोळ्या खपवण्यासाठी उठवलेलं होतं. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. फवारणीला लिटरमागं इतकं, मुळाला एकरी इतकं, चंद्रभागेचं वजन बासष्ट किलो.

"मला काय ड्रिपनं देता का?" बाईंनी विचारलं.

"कोमट पाण्यात. दोन चमचे."

"आधी तुम्ही घ्या. तुमचे गुडघे करकर वाजू राहिलेत दोन वर्षांपासून. तुम्ही जिवंत राहता का बघते, मग घेईन."

नानांचे गुडघे खरंच वाजायचे, पण ते कुणाला सांगायचे नाहीत. बायकोला ते माहीत आहे हे ऐकून आधी ते वरमले, मग इरेला पेटले.

शनिवारी निफाडला एका मंगल कार्यालयात द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र होतं. प्रयोगशील शेतकरी म्हणून नानांचा सत्कार आणि त्यानंतर त्यांचं भाषण. विषय त्यांनी स्वतः मागून घेतला होता: बागेतील मॅग्नेशियमचे व्यवस्थापन. सकाळी आठ वाजता, पांढरा शर्ट घालून, त्यांनी तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकले. चमचे भातवाढणीचे होते. निकिता कामावर गेलेली. चंद्रभागाबाई साडीची पिन लावून बाहेर येईपर्यंत तांब्या रिकामा झाला होता.

"लय कडू हे," नाना तोंड वाकडं करून म्हणाले. "म्हंजे अस्सल हे."

निफाडला पोचेपर्यंत काही झालं नाही. पोटात जरा गुरगुरलं, ते नानांनी भाषणाच्या उत्साहात मोजलं. साडेदहाला त्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. चंद्रभागाबाई पहिल्या रांगेत होत्या. सूत्रसंचालन जयराम नावाचा एक शिक्षक करत होता. त्यानं नानांची एवढी स्तुती केली, की नानांना ती ऐकून घेताना उभं राहणं जड जायला लागलं. ते पायांवर पाय ठेवून उभे होते. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

भाषण सुरू झालं. "बंधूंनो, मॅग्नेशियमचा स्वभाव समजून घ्या," नाना म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "कॅल्शियम जिथं बसलं तिथं बसतं. मॅग्नेशियमचं तसं नाय. ते चालतं. जुन्या पानातून निघतं आन खाली... म्हंजे वर... नव्या पानाकडं जातं. ते एका जागी थांबत नाय. तुम्ही कितीबी म्हणा थांब, ते..."

ते बोलायचे थांबले. सगळं सभागृह पुढचं वाक्य ऐकायला थांबलं. नानांनी माइक जयरामच्या हातात दिला, नारळ अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला आणि फेट्यासह मंचाच्या मागच्या बाजूनं उडी मारली. गुडघे वाजले असतील, पण ते ऐकायला नाना थांबले नाहीत.

मंगल कार्यालयाचं शौचालय स्वयंपाकघराच्याही मागं होतं, आणि कार्यक्रम लग्नाचा नसल्यामुळं त्याला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडं, वॉचमन चहाला. एवढं सांगितलं की पुढचं सांगायची गरज नाही. मागं ऊस उभा होता, ही त्या दिवसातली एकच चांगली गोष्ट.

जयरामनं प्रसंग सावरला. "नानासाहेबांना तातडीचा फोन आला आहे," तो माइकवर म्हणाला. पहिल्या रांगेत चंद्रभागाबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या. हसल्यावर त्यांच्या मानेतून कळ जायची, ती जात होती, आणि तरीही त्यांना थांबता येत नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "रडताय का हो?" त्यांनी नुसती मान हलवली, तर अजून एक कळ.

उसात तीन आणि नंतर कार्यालयात दोन अशा पाच फेऱ्या झाल्यावर नानांचे पाय लटपटले. तेव्हा मात्र बाईंचं हसू गेलं. जयरामच्या गाडीत घालून त्यांना निफाडच्याच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं सलाइन लावलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

नाना छताकडं बघत राहिले.

"बागेचं खत प्याले," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"विष घेतलं?" डॉक्टरीण उभीच राहिली.

"नाय हो. मॅग्नेशियम. गुडघ्यासाठी."

डॉक्टरणीनं आणखी चार प्रश्न विचारले, रक्त घेतलं, छातीचा ईसीजी काढला आणि सगळं ठीक दिसल्यावर नानांना असं काही झापलं, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. किडनी कमजोर असती तर एवढ्यानं हृदय बंद पडलं असतं, असं ती म्हणाली. नानांनी पहिल्यांदाच डोळे खाली केले.

बाटली संपत आली का ते बघायला चंद्रभागाबाई वळल्या. नुसती मान वर करण्याऐवजी त्या कमरेपासून सगळं अंग मागं वाकवून बघत होत्या. डॉक्टरणीच्या ते लक्षात आलं.

"मान वर होत नाही का?"

"होते. पण मग दिवसभर बोलून दाखवते."

"किती दिवसांपासून?"

"नऊ वर्षं."

"आणि कुणी तपासलं?"

बाईंनी बोटं मोजायला सुरुवात केली. सासू, जाऊ, हाडं बसवणारा, गादीवाला. "तपासलं असं नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "सांगितलं सगळ्यांनी."

डॉक्टरणीनं चिठ्ठी लिहून दिली. नाशिकच्या त्याच बाई, ज्यांच्याबद्दल निकिता सांगत होती: डॉक्टर मोहिनी.

आठवड्यानं तिघं नाशिकला गेली. निकिता बाहेर बसली, नाना मात्र हट्टानं आत आले. त्या दिवसापासून ते घरात आवाज खाली ठेवून वावरत होते, पण दवाखान्यात खुर्ची मिळाल्यावर त्यांना जोर चढला.

"कुठं दुखतं?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"उजव्या खांद्याला," नाना म्हणाले.

"कधी जास्त होतं?"

"थंडीत. आन काम पडलं की," नाना म्हणाले.

मोहिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचा खांदा दुखतो का?"

"नाय, हिचा."

"मग तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं आणि चंद्रभागाबाईंना आधी काय बोलावं तेच सुचेना. या दुखण्याबद्दल त्या नऊ वर्षं सगळ्यांकडून ऐकत आल्या होत्या; स्वतः सांगायची वेळ आली नव्हती. मग त्या बोलायला लागल्या. सकाळी केस विंचरताना हात डोक्यापर्यंत जात नाही. कुशीवर झोपता येत नाही. पोळ्या लाटताना नाही, कपडे वाळत घालताना जास्त दुखतं. आणि बाग. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर असतो, घड वरून लोंबतात, त्यातले मणी कात्रीनं विरळ करायचे. मान मागं, हात वर, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. अठ्ठावीस हंगाम.

"अठ्ठावीस?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाग लावली."

मोहिनीबाईंनी पाठीवरून, मानेवरून बोटं दाबत दाबत नेली. एका जागी चंद्रभागाबाई ओरडल्या. दुसऱ्या जागी त्यांच्या तोंडून शिवी गेली. "चालेल," मोहिनीबाई म्हणाल्या, "इथं सगळे देतात." मग समोर बसून त्यांनी सांगितलं, "दुखणं खरं आहे. उद्या एक्स-रेत मोठं काही दिसलं नाही तरी खरंच आहे. स्नायू वर्षानुवर्षं ताणले गेलेत, आणि नसांना ओरडायची सवय लागलीय. आता थोड्या कारणालाही त्या ओरडतात. ती सवय हळूहळू मोडायची. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

दुखणं खरं आहे, हे वाक्य बाईंनी पहिल्यांदा ऐकलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. रडू आलं नाही, राग आला. तो कुणावर काढावा हे न कळून त्या म्हणाल्या, "एवढंच सांगायला कुणाचं काय जात होतं?"

मग रक्त घेतलं, आणि दुपारी त्याचे रिपोर्ट आल्यावर नानांना आत बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅग्नेशियम किती निघालं?"

"नॉर्मल आहे."

नानांचा चेहरा एवढा पडला, की मोहिनीबाईंना हसू आलं. "रक्तातल्या आकड्यावरून सगळं कळत नाही," त्या म्हणाल्या. "काही लोकांना मॅग्नेशियमनं झोप बरी लागते, पायात गोळे येणं कमी होतं. दुखण्यावर म्हणाल तर कुणाला फरक पडतो, कुणाला नाही; अभ्यासही उलटसुलट आहेत. यांची किडनी चांगली आहे, तेव्हा सहा आठवडे कमी डोसची गोळी देऊन बघू. फायदा नाही झाला तर बंद. गोणीतलं नाही."

"नाय नाय," नाना घाईनं म्हणाले.

"आणि खरं औषध वेगळंच आहे. रोज सांगितलेले व्यायाम. आणि तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत."

"तीन महिने? आत्ता विरळणी चालू हे, मॅडम!"

"मग तुम्ही करा."

येताना गाडीत, ओझरच्या पुढं, नाना म्हणाले, "बाया लावू अजून दोन."

घरी फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं. नानांनी त्याच्या शेजारी दुसरा कागद चिकटवला. वर मोठ्या अक्षरात 'चंद्रभागा', खाली तारखा, गोळीची वेळ आणि दहापैकी किती दुखलं त्याचा रकाना. रोज जेवणानंतर ते पाण्याचा पेला घेऊन उभे राहायचे. व्यायामाच्या वेळी समोर खुर्ची टाकून मोजायचे, "सात... आठ... खांदा उचलू नको, मान तेवढी वळव... नऊ." बाईंना सुरुवातीला वैताग आला. मग लक्षात आलं, की लग्नाला तीस वर्षं होत आली, पण या माणसानं त्यांच्याकडं इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं. तेही वेलीकडं बघावं तसंच बघत होते, पण बघत होते.

पहिल्या दिवशी रकान्यात आठ लिहिलं. दहाव्या दिवशी सात. चौथ्या आठवड्यात पाच. एक दिवस चारही लागला, तेव्हा नानांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला. गावात ज्याला त्याला सांगायला लागले, "मॅग्नेशियम! मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो. फक्त मात्रा चुकली माझी." लोक तोंडावर मान डोलवायचे आणि मागं उसाची चौकशी करायचे.

चंद्रभागाबाईंना मात्र शंका होती. गोळी, व्यायाम, झोप, हात खाली, सगळं एकदम सुरू झालेलं. यातलं नेमकं कशानं? नानाच नेहमी सांगायचे, की चार औषधं एकत्र मारली तर कोणतं लागू पडलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. पाचव्या आठवड्यात त्यांनी निकिताला विचारलं, "मी गोळी बंद करून बघू का? काय होईल?"

"काही नाही होणार. पण डॉक्टरांना विचारते," निकिता म्हणाली आणि काउंटरवरूनच फोन लावला. मोहिनीबाई म्हणाल्या, "अवश्य करा. दोन आठवडे. आणि मला कळवा."

नानांना सांगितलं नाही. ते पेला घेऊन उभे राहायचे, बाई गोळी तोंडात टाकल्यासारखं करून पाणी प्यायच्या आणि गोळी पदराच्या टोकाला. पंधरा दिवस रकान्यात पाच, पाच, चार, पाच. झोपेत फरक नाही, खांद्यात फरक नाही. गोळीचा त्यांच्या खांद्याशी काही संबंध नव्हता. कुणाच्या तरी असेल, त्यांच्या नव्हता.

हे नानांना कसं सांगावं याचा त्या विचार करत होत्या. गोळी चालू आहे तोवर विश्रांती हा उपचाराचा भाग होता. गोळी गेली तर उद्या नाना म्हणतील, मग चल बागेत. अजून काही दिवस गप्प बसावं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

जानेवारीच्या मध्यावर उशिरा छाटलेल्या खालच्या प्लॉटमध्ये विरळणी चालू होती. पेठकडच्या डोंगरातून दरवर्षी येणारी बायकांची टोळी कामावर होती. फुलाबाई त्यांची पुढारी. भात निघाला की दहा-बारा जणींना घेऊन यायची आणि द्राक्षं संपली की परत जायची. चंद्रभागाबाई बायकांसाठी चहा घेऊन गेल्या होत्या. फुलाबाईनं कात्री कमरेला खोचली आणि जवळ येऊन म्हणाली, "बाई, ती गोळी मला दे ना."

"कोणती?"

"नाना सांगतो ती. तुझा खांदा बरा झाला. माझा पण तोच दुखतो, बघ." तिनं पोलक्याच्या गळ्याशी बोट ठेवलं. अगदी तीच जागा, जिथं मोहिनीबाईंनी दाबल्यावर शिवी गेली होती.

पदराच्या टोकाला त्या दिवशीची गोळी होतीच. ती काढून फुलाबाईच्या हातावर ठेवली असती तर ती खुश झाली असती. चंद्रभागाबाईंना तसं करवलं नाही.

"फुले, गोळीनं नाय झालं काही," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले, मी ती घेतच नाय."

"मग कशानं?"

"हात वर करायचे बंद केले म्हणून."

फुलाबाई एवढ्यानं हसली, की मांडवाखालच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. तिनं वर लोंबणाऱ्या घडांकडं बोट केलं. "हात वर नाही केला तर हे काय पायानं करू? तुझ्या खांद्याची सुट्टी झाली, बाई. तुझ्या वाटचं काम आम्हीच तर करून राहिलो."

नाशिकहून येताना गाडीत नाना म्हणाले होते, बाया लावू अजून दोन. त्या दोन बाया म्हणजे कोण, हा विचार चंद्रभागाबाईंनी केला नव्हता. त्या कपबशा न गोळा करताच घराकडं निघाल्या.

नाना ओसरीत होते. "मी गोळी बंद केली," त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "पंधरा दिवस झाले. खांदा तसाच हे, पाचवर. तुमचं मॅग्नेशियम काही कामाचं नाय."

नाना भिंतीवरच्या कागदाकडं बघत राहिले. लाल गोलाकडं जरा जास्तच. "मग मी रोज पाणी घेऊन उभा राहायचो ते?"

"ते चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "ते चालू ठेवा."

माणूस बागेतला होता. दोन रांगांत एकीला औषध मारलं, एकीला नाही, आणि दोन्ही सारख्याच आल्या तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ते म्हणाले, "म्हंजे काम हेच कारण."

"हा. आन आता फुलाबाईचा खांदा गेला. तिला मी काय सांगू? नवस बोल म्हणून?"

"मग काय, द्राक्षं खाली लावू का जमिनीवर?"

"माणसं वर घ्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पायाखाली बाकडं असलं तर घड छातीसमोर येतो. मी अठ्ठावीस वर्षं तिथं उभी होते, मला माहीत हे. आन दर दोन तासांनी पंधरा मिनिटं हात खाली. हजेरी पूर्ण."

"पंधरा मिनिटं! बाग उरकणार कधी?"

"तुम्ही या ना मदतीला. फेटा नका बांधू फक्त."

नाना उठून गेले. बाईंना वाटलं चिडले. पण संध्याकाळी खताच्या खोलीमागून करवतीचा आवाज आला. जुन्या फळ्या आणि मोडक्या पॅलेटची त्यांनी दोन दिवसांत आठ बाकडी ठोकली, गुडघ्याच्या खालपर्यंत उंच, रुंद पायांची. पहिलं बाकडं डुगडुगलं आणि फुलाबाई सगळ्यांत आधी त्यावरून खाली आली, नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. नानांनी पाय पुन्हा कापले. दोन म्हाताऱ्या बायकांनी बाकड्यावर चढायला साफ नकार दिला. बाकीच्या चढल्या.

आठ दिवसांनी चंद्रभागाबाईंनी विचारलं, "आता कसा हे खांदा?"

"खांदा जरा गप्प आहे," फुलाबाई म्हणाली. "आता पाय बोलून राहिले. चढ-उतर, चढ-उतर. आता पायाची गोळी कोणती ते नानाला विचार."

पुढच्या सोमवारी दोघींनी मोहिनीबाईंकडं जायचं ठरवलं. फुलाबाई आधी नको म्हणाली, मग नाशिक कधी नीट बघितलं नाही म्हणून हो म्हणाली.

हे ठरलं त्या दिवशी तीनच्या सुट्टीत बायका मांडवाखाली बसल्या, काही आडव्या झाल्या. फुलाबाई पोत्यावर उताणी पडली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली, तोंड उघडं, कात्री पोटावर. नाना बांधावर उभे राहून घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं झाली. चंद्रभागाबाई तिला उठवायला गेल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. एवढं निवांत झोपलेलं माणूस त्यांनी बागेत कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हळूच कात्री उचलून बाजूला ठेवली आणि शेजारी बसल्या.

"झाली ना वेळ?" नानांनी लांबून विचारलं.

"नाय झाली अजून," त्या म्हणाल्या.